पाहुण्यास दाखवावयाचे आमचे शहर

एखादे शहर स्वतःस काय समजते, हे त्या शहराचे रहिवासी पाहुण्यास प्रथम कोठे नेतात यावरून पुष्कळसे कळते. आमच्या शहराबाबत हा क्रम गेली कित्येक दशके ठरून गेलेला आहे. पाहुणा पहिल्या दिवशी वेरूळ पाहतो, दुसऱ्या दिवशी अजिंठा. मधल्या सायंकाळी त्यास बीबी का मकबरा व पाणचक्की दाखविली जाते, हिमरू शालींच्या एखाद्या दुकानात बसविले जाते आणि रात्रीच्या गाडीने तो परत जातो. शहराच्या उत्तरेस, मकबऱ्यामागील डोंगरातच बारा लेणी आहेत. त्यांचा उल्लेख मार्गदर्शक पुस्तिकांतून ‘वेळ उरल्यास’ या सदराखाली येतो. नागसेनवनाचा तर बहुधा येतच नाही.

ही यादी चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. मकबरा सुंदर आहे, पाणचक्की बुद्धिमत्तेचे काम आहे. परंतु ज्या पाहुण्याने एवढेच पाहिले, त्याने हे शहर पाहिले असे आम्हांस म्हणवत नाही. धम्मयात्रेच्या निमित्ताने विदर्भातून, कोकणातून, मुंबई-पुण्याहून आणि अलीकडे परदेशांतूनही आपले उपासक-उपासिका येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्याही यादीत क्रम फारसा निराळा नसतो, याचे आम्हांस अधिक वाटते. म्हणून आमच्या घरी पाहुणा आल्यास आम्ही त्यास काय दाखवू, कोणत्या क्रमाने दाखवू आणि दाखविताना काय सांगू, याचा थोडा विस्ताराने विचार येथे करीत आहोत.

प्रथम नावाविषयी. या शहरास आजवर अनेक नावे मिळाली. खाम नदीकाठचे खडकी हे मूळचे गाव. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास तेथे नगर वसविले. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६२६ नंतर, त्याचा पुत्र फतेहखान याच्या नावावरून फतेहनगर हे नाव आले. दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ साली औरंगाबाद हे नाव दिले आणि ते सुमारे पावणेचारशे वर्षे टिकले. २०२३ पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत लेण्यांचा उल्लेख मात्र औरंगाबाद लेणी असाच आढळतो, म्हणून अभ्यासकाने दोन्ही नावे ध्यानी ठेवावीत. लोकांच्या तोंडी ती केवळ ‘बुद्ध लेणी’ आहेत.

नावांच्या या मालिकेत ज्याचे नाव शहरास कधीच मिळाले नाही तो मलिक अंबर कोण होता, हे पाहुण्यास अवश्य सांगावे. हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. अनेक मालकांच्या हातून जात जात तो दख्खनेत आला, येथे सैनिक झाला, सरदार झाला आणि अखेर निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. जमिनीची प्रतवारी लावून शेतसारा ठरविण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बाजारात किंमत होऊन विकल्या गेलेल्या माणसाने वसविलेल्या नगरात आपण उभे आहोत, ही गोष्ट आम्हांस मकबऱ्याच्या घुमटाइतकीच दर्शनीय वाटते. त्याची कबर खुलताबादेस आहे. औरंगजेबाची कबर पाहावयास जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिच्याकडे वळतात.

मलिक अंबराचे शहरातील खरे स्मारक जमिनीखाली आहे. उत्तरेकडील डोंगरउतारावर झिरपणारे पाणी भूमिगत नळांतून, कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर नगरात आणणारी ‘नहर-ए-अंबरी’ ही योजना त्याची. पुढे याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातील पाणचक्की अशाच एका नहरीवर चालते. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणले, उंच भिंतीवर चढविले आणि तेथून खाली सोडून त्याच्या जोराने जात्याचे पाते फिरविले. दर्ग्यावर येणारे यात्रेकरू, फकीर आणि छावणीतील शिपाई यांच्यासाठी त्यावर पीठ दळले जाई. खालच्या हौदाचा तळ हाच एका मोठ्या दालनाचे छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. अशी ही जलव्यवस्था असलेल्या शहराने अलीकडच्या दोन दशकांत नळाच्या पाण्यासाठी अनेक अनेक दिवसांचे खंड सोसले. पैठणचा जायकवाडी जलाशय जेमतेम पन्नास किलोमीटरवर असून ही स्थिती आली. पाहुण्याने विचारल्यास हेही लपवू नये.

दौलताबादचा हौद

पाण्याचा विषय निघाल्यावर आम्ही पाहुण्यास वेरूळच्या रस्त्यावरील दौलताबादेस नेतो. देवगिरीचा हा किल्ला सर्वच प्रवासी पाहतात. यादवांचे वैभव, मुहंमद तुघलकाने दिल्लीहून हलविलेली राजधानी, चांदमिनार, अंधारी वाट या सर्व गोष्टी वाटाडे सांगतात आणि त्या खऱ्याही आहेत. परंतु १९३४ साली येथे घडलेला एक प्रसंग कोणताही वाटाडा सांगत नाही. तो आपणच सांगावयास हवा.

त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह प्रेक्षणीय स्थळांच्या प्रवासास निघाले होते. प्रवासाचा मुख्य हेतू वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा होता, हे विशेष ध्यानी घ्यावे. धम्मदीक्षेस तेव्हा बावीस वर्षांचा अवकाश होता. हा मुलूख त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. वाटेत अडचण येऊ नये म्हणून मंडळींनी आपण कोण आहोत याचा बभ्रा होऊ दिला नव्हता. दौलताबादच्या दरवाजापाशी पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. धुळीच्या प्रवासाने थकलेल्या या प्रवाशांनी तेथे हातपाय-तोंड धुतले आणि ते किल्ल्याकडे निघाले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ आरडाओरडा करीत मागून धावत आला. धेडांनी हौद बाटविला, हा त्याचा आक्रोश होता. पाहता पाहता जमाव जमला. दिवस रमजानचे होते. शिव्याशाप सुरू झाले, प्रकरण हातघाईवर येण्याचा रंग दिसू लागला. तेव्हा बाबासाहेबांनी जमावास विचारले की, तुमचा धर्म तुम्हांस हेच शिकवितो काय. आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यास तुम्ही या पाण्यापासून अडविणार काय? या सरळ प्रश्नाने जमाव निरुत्तर झाला. किल्ला पाहण्याची परवानगी अखेर मिळाली. मात्र आत कोठेही पाण्यास हात लावावयाचा नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

हा वृत्तांत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लिखाणात स्वतः नोंदविला आहे. ते लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, हिंदूच्या लेखी जो अस्पृश्य, तो येथे मुसलमानाच्या लेखीही अस्पृश्यच होता. तो एका जमातीवर ठेवलेला ठपका म्हणून वाचू नये, असे आम्ही पाहुण्यास आवर्जून सांगतो. जातीचा विटाळ ज्या भूमीत मुरला, त्या भूमीत उगवलेल्या प्रत्येक समाजात तो झिरपला, हे त्याचे तात्पर्य आहे. आज किल्ल्यावर दररोज शेकडो सहली येतात. मुले पाण्याच्या बाटल्या घेऊन पायऱ्या चढतात. त्यांतील कित्येक मुले आपल्या वस्त्यांतील असतात. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना दरवाजापाशी पाच मिनिटे थांबवून हा प्रसंग सांगावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

नागसेनवन

दौलताबादच्या हौदापाशी ज्या शहराच्या परिसरात बाबासाहेबांस शिपायाच्या पहाऱ्यात हिंडावे लागले, त्याच शहरात सोळा वर्षांनी, जून १९५० मध्ये, त्यांनी महाविद्यालय काढले. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाभोवती एकवटलेले, माध्यम उर्दू, आणि मराठवाड्यातील शेतमजुराच्या मुलास त्याचा दरवाजाही ठाऊक नाही, अशी परिस्थिती होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय स्थापले होते. तिने दुसरे पाऊल टाकले ते मुंबईच्या जवळपास कोठेही नव्हे, तर या उपेक्षित प्रदेशात. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली.

महाविद्यालयास ‘मिलिंद’ व परिसरास ‘नागसेनवन’ ही नावे बाबासाहेबांनी दिली. पाहुण्यास प्रवेशद्वारापाशी उभे करून या नावांचा अर्थ सांगण्याजोगा आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. सागल ही त्याची राजधानी. वादविवादात त्यास कोणी टिकत नसे. भिक्खू नागसेन भेटल्यावर संवादास आरंभ होण्यापूर्वी नागसेनाने एक अट घातली: तू पंडिताच्या रीतीने बोलणार असशील तर मी बोलेन, राजाच्या रीतीने बोलणार असशील तर नाही. पंडिताचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही. राजाचे म्हणणे कोणी खोडले तर तो दंड देतो. मिलिंदाने पंडिताची रीत मान्य केली आणि ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ घडला. ज्या समाजास शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्या समाजाच्या मुलांसाठी काढलेल्या विद्यालयास प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे आणि परिसरास उत्तर देणाऱ्याचे, ही योजना सहज सुचलेली नसावी.

या परिसराने जे निर्माण केले ते दगडाविटांत मोजता येत नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक, दलित रंगभूमीच्या आरंभीचे म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते येथलेच. डॉ. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेहून परतल्यावर दलित साहित्याची वैचारिक मांडणी केली ती येथे असताना. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली सुरू केलेले ‘अस्मिता’, जे पुढे ‘अस्मितादर्श’ झाले, त्याचाही उगम हाच. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीची कविता व आत्मकथने या नियतकालिकाच्या पानांतून प्रथम वाचकांपुढे आली. पानतावणे सर २०१८ साली गेले. त्याच वर्षी त्यांस पद्मश्री जाहीर झाली होती. विज्ञान, विधी, कला व वाणिज्य अशी संस्थेची अनेक महाविद्यालये आज या परिसरात आहेत. काही इमारती जीर्ण दिसतात, हे खरे. पाहुण्याचे लक्ष तिकडे गेल्यास संकोच वाटतो, पण तो संकोच आपणांस वाटावयासच हवा.

नागसेनवनापासून विद्यापीठाचे प्रवेशद्वार दूर नाही. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आपल्या वस्त्यांवर जे गुदरले ते या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. घरे जळाली. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हा नामविस्तार झाला. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. दर वर्षी १४ जानेवारीस या द्वारापाशी लक्षावधी माणसे येतात. परगावच्या पाहुण्यास आमचे शहर एकाच दिवसात पाहावयाचे असेल तर आम्ही त्यास हाच दिवस सुचवू. गावोगावच्या माउली पांढरी लुगडी नेसून कमानीपुढे हात जोडतात, गायनपार्ट्यांचे मंच रात्रभर चालतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे राहावयास जागा मिळत नाही. ज्यांच्या घरात कधी पुस्तक नव्हते ती माणसे मुलांसाठी पुस्तके विकत घेऊन एस.टी.ने परत जातात.

जयंतीची मिरवणूक पाहावयाची असल्यास मात्र भडकल दरवाजा गाठावा. मलिक अंबराने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ साली उभारलेल्या या भव्य दरवाजापाशीच बाबासाहेबांचा पुतळा आहे. दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या नगरातील दिल्ली, मक्का, पैठण, रंगीन असे इतर दरवाजे येता-जाता दिसतातच. त्यांच्यासाठी निराळा वेळ काढण्याचे कारण नाही.

डोंगरातील बारा लेणी

आता ‘वेळ उरल्यास’ पाहावयाच्या लेण्यांकडे येऊ. आमच्या मते त्यांच्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. ही लेणी तीन गटांत विभागलेली आहेत. पश्चिमेकडील गटात १ ते ५, पूर्वेकडील गटात ६ ते ९, आणि उरलेली अपूर्ण. क्रमांक ४ हे चैत्यगृह सर्वांत प्राचीन. त्यात मूर्ती नाही, केवळ स्तूप आहे; तो काळ स्थविरवादी परंपरेचा. इतर बहुतेक लेणी अजिंठ्याचा बहर ओसरत असतानाची व त्यानंतरची, म्हणजे सहाव्या-सातव्या शतकांतली आहेत. म्हणून वेरूळ-अजिंठ्याच्या मध्ये ती केवळ भूगोलाने नव्हे, कालक्रमानेही बसतात. अजिंठा पाहून झाल्यावर आणि वेरूळ पाहण्यापूर्वी ती पाहिली तर महायानाचा वज्रयानाकडे झुकणारा प्रवास डोळ्यांस क्रमाने दिसतो. हा क्रम कोणत्याही सहलीच्या पत्रकात आम्हांस आढळलेला नाही.

क्रमांक ३ च्या विहारात शिरल्यावर प्रथम बारा कोरीव स्तंभ लक्ष वेधतात. त्यांच्या वरच्या तुळईवर सुतसोम जातकाची कथा कोरली आहे. नरमांसास चटावलेला एक राजा राजपुत्र सुतसोमास पकडतो. दिलेला शब्द पाळण्यापुरती सुतसोम त्याच्याकडे मोकळीक मागतो आणि काम होताच आपल्या पायांनी परत येतो. मरणाकडे परत येणारा माणूस त्या राजाने कधी पाहिला नव्हता. तो नमतो आणि मनुष्यवध सोडतो. ही कथा ठाऊक असल्याशिवाय वरची चित्रमालिका नुसती नक्षी वाटते. म्हणून आमची विनंती अशी की, जातककथा आधी वाचून मगच मुलांस येथे आणावे.

याच विहाराच्या गाभाऱ्यात तथागत पाय खाली सोडून धम्म देशनेच्या मुद्रेत बसले आहेत. परंतु येथील अपूर्व गोष्ट मूर्ती नव्हे, तिच्यासमोरील माणसे आहेत. दोन्ही बाजूंस जवळजवळ पुरुषभर मापाचे उपासक आणि उपासिका गुडघे टेकून, हात जोडून बसलेले कोरले आहेत. केशरचना, अलंकार, चेहऱ्याची ठेवण प्रत्येकाची निराळी. देव नाहीत, राजेही असतीलच असे नाही. लेण्यास दान देणारी या मुलखातली माणसे असावीत असे पाहताक्षणी वाटते. चौदाशे-पंधराशे वर्षे ती तशीच बसून आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि बुद्धपौर्णिमेस येथे गर्दी होते तेव्हा दगडातले उपासक व जिवंत उपासक एकाच रांगेत बसलेले दिसतात. अंधार असतो, म्हणून विजेरी जवळ ठेवावी.

पूर्वेकडील गटातील क्रमांक ७ चे लेणे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. दर्शनी भागात द्वाराशेजारी अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस आठ लहान चौकटी. आग, तलवारधारी लुटारू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, मत्त हत्ती आणि मृत्यू अशी आठ महाभये त्यांत कोरली आहेत. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसे वर पाहून हाक देत आहेत आणि बोधिसत्त्व त्यांच्याकडे झेपावत आहे. अजिंठा, कान्हेरी येथेही हा विषय येतो, पण इतका ठसठशीत क्वचित. येथे थांबून विचार करावा की, समुद्रापासून इतक्या दूर डोंगरात बुडत्या जहाजाचे शिल्प कशासाठी? उत्तर व्यापारी मार्गांत आहे. पैठण व तेर येथील माल घाट उतरून सोपाऱ्याकडे व कल्याणकडे जाई. जंगल, लुटारू, समुद्र यांना तोंड देणारे सार्थवाह या लेण्यांचे आश्रयदाते होते. त्यांची भीती त्यांनी भिंतीवर कोरवून घेतली. चमत्काराची आशा म्हणून आज आपण या शिल्पाकडे पाहणार नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदृष्टीत तिला स्थान नाही. परंतु दुसऱ्याच्या हाकेस धावून जाणे हीच करुणा, एवढा अर्थ त्यात शिल्लक आहे आणि तो आपणांस पुरेसा आहे.

आत गाभाऱ्याच्या भिंतीवर मध्यभागी नृत्य करणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. या शिल्पाची छायाचित्रे अनेक ग्रंथांतून आली आहेत. छायाचित्र पाहून आलेला पाहुणा नृत्यशिल्प शोधतो आणि परत फिरतो. समोर बसलेल्या बुद्धमूर्तीकडे त्याचे लक्षही जात नाही. उलट आपल्यापैकी काही यात्रेकरू मूर्तीपुढे वंदना म्हणून लगेच बाहेर पडतात आणि भिंतीकडे पाहत नाहीत. दोघेही अर्धेच लेणे पाहून जातात. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. शिल्पाच्या पायाशी मेणबत्त्या लावणे, उदबत्ती खोचणे, मूर्तीस तेल वा रंग लावणे यांमुळे दगड काळवंडतो व झिजतो. श्रद्धेने केलेली हानी ही हानीच. वंदना अवश्य घ्यावी, तिला दिव्याची गरज नाही.

वेरूळची जुनी नावे

वेरूळविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही एकच मुद्दा मांडतो. एकूण ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. पाहुणे कैलास पाहून दमतात आणि बारापैकी बहुधा क्रमांक १० चे विश्वकर्मा चैत्यगृह तेवढे पाहतात. त्यास जुने लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणत, कारण आतील बुद्धमूर्तीस त्यांनी विश्वकर्मा ठरविले होते. त्याहून बोलके नाव दक्षिण टोकाच्या लेण्यांचे आहे. आरंभीच्या बौद्ध लेण्यांस परिसरात ‘धेडवाडा’ म्हणत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांनीही ते नाव आपल्या ग्रंथांत नोंदविले. क्रमांक ५ च्या, दोन लांब दगडी बाकांच्या प्रशस्त विहारास तर ‘महारवाडा’ हेच नाव पडले आणि ते मार्गदर्शक पुस्तकांतून आजही आढळते.

हे नाव का पडले याची एक उपपत्ती अशी की, पुढील काळात तेथे महार वस्तीस असत. खरे कारण काहीही असो. भिक्खूंचे विहार ओस पडल्यावर गावाने त्यांस अस्पृश्यांच्या वाड्याचे नाव दिले, आणि दौलताबादच्या हौदापाशी बाबासाहेबांस ज्या शब्दाने हाक मारली गेली तोच शब्द वेरूळच्या बुद्धमूर्तींच्या घरासही चिकटला होता. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, हे मत बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडले. वेरूळच्या या नावावरून ते सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. एका ग्रामनामाने एवढा भार पेलत नाही. परंतु वेरूळ पाहण्यासाठी निघालेल्या त्या तीस प्रवाशांनी ही नावे ऐकली असतील तर त्यांच्या मनात काय आले असेल, हा विचार क्रमांक ५ च्या बाकांवर बसल्यावर टाळता येत नाही.

अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याविषयी स्वतंत्र ग्रंथ पुष्कळ आहेत. येथे एवढेच सांगतो की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. हे ठाऊक नसल्याने यात्रेच्या बसगाड्या दारातून परत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

जेवणाखाणाचा व बोलण्याचा विषय आम्ही थोडक्यात आटोपतो. तुघलकाच्या लष्कराबरोबर आला असे सांगितला जाणारा नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि पिवळसर नान, जुन्या शहरात मिळतो. हिमरू हे सूत व रेशीम यांच्या मिश्र विणीचे वस्त्र. हाताने विणणारे आता थोडे उरले आहेत, म्हणून घेताना हातमागाचे आहे की यंत्रावरचे हे विचारावे. येथील मराठीत उर्दू आणि उर्दूत मराठी मिसळलेली आहे. वली आणि सिराज हे उर्दू काव्याचे आद्य मानकरी याच शहरात नांदले. भीमगीते गाणाऱ्या आमच्या गायकांनी कव्वालीचा ठेका आपलासा केला आहे, तोही याच मिसळणीचा भाग.

एक दिवस अधिक असल्यास दोन वाटा आहेत. दक्षिणेस पैठण, म्हणजे प्राचीन पतिट्ठान. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीची कथा आहे. त्याचे सोळा शिष्य बुद्धास प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेस निघतात तेव्हा त्यांच्या वाटेवरील पहिले मोठे नगर पतिट्ठान हेच आहे. तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी असे ते पुढे जातात. आपल्या भूमीतून बुद्धाकडे प्रश्न घेऊन गेलेल्यांची ही सर्वांत जुनी नोंद होय. पैठणास लोक पैठणी घ्यावयास व नाथांच्या समाधीस जातात. बावरीचे नाव तेथे कोणी घेत नाही.

दुसरी वाट कन्नडकडे. त्या तालुक्यात मकरणपूर आहे. तेथे ३० डिसेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि भाऊसाहेब मोरे यांनी ‘जय भीम’ हे अभिवादन प्रथम तेथे दिले असे मानतात. त्याच बाजूस डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. उतरण अवघड आहे, पावसाळ्यात निसरडी असते आणि वाटेत खावयास काही मिळत नाही. तेथील शिलालेखांत पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. तेथेच डोक्यावर वाडगे धरलेला, खळखळून हसणारा एक बुटका यक्ष उत्खननात सापडला. त्याच्या हातावर घडविणाऱ्याने स्वतःचे नाव कोरले आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार. दगडावर आपले नाव सोडून जाणारे कारागीर त्या काळी फार थोडे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाहुणा दिल्लीकडचा असल्यास त्यास तेवढा पत्ता आम्ही देऊन ठेवतो.